डावी बाजू

शाळेत बेचाळीसच्या चिमूरच्या उठावाचं नाटक होतं आणि दिव्यानीला त्यात इंदुआजी व्हायचं होतं. म्हणून इंदुआजी स्वतःच आपली तेव्हाची चोळी घेऊन आल्या होत्या. शिवण शिकवणाऱ्या साबिराबाईंनी ती न उसवता वर्तमानपत्रावर पसरली आणि शिवणीलगत टाचणी टोचत आकार कसा उतरवायचा ते दिव्यानीला दाखवलं.

"बाई, डावी बाजू लय ढिली आहे. शिवणाऱ्याचा हात चुकला वाटते."

"मंग उजवीच घे. कापडाची घडी घालून काप, दोन्ही सारख्या येतील."

दिव्यानीने घडी घातली, खडूने रेघ ओढली, कात्री उचलली.

"चुकला नाई व पोरी," इंदुआजी म्हणाल्या. "शिवण उसवून, आत दाबलेली माया मोकळी करून मीच ढिली केली होती. शिपायांच्या भीतीनं आमी जंगलात लपून राहो. माह्यं लेकरू तान्हं. रडलं असतं तर सारेच सापडले असते. चोळी न सोडता, डाव्या अंगाले घेऊन चालता चालताच पाजो त्याले."

साबिराबाईंनी कात्री काढून घेतली आणि कापडाची घडी उलगडली.

"चुकी माझी, बेटा. पुन्हा उतरव. दोन्ही बाजू वेगवेगळ्या."