पुठ्ठ्याची उजवी बाजू

विणकर संघाच्या नागपूरच्या कचेरीत ८८ साली नवा कॉम्प्युटर आला आणि बडेबाबू रुपरावांचा ऑपरेटर प्रेमिलावरचा भरवसाच उडाला. जुना कॉम्प्युटर कॉपी केली की तसं लिहून दाखवायचा, सगळं पुसायला निघालं तर ‘नक्की ना?’ म्हणून विचारायचा. हा नवा मात्र एका शब्दानं उत्तर देत नव्हता.

“काम झालं म्हणजे हा गप्पच राहते, बाबूजी,” प्रेमिला म्हणाली.

“हा गप्प राहते, का तू आमाले बनवून राहिली वं?”

रुपरावांनी तिचा पुठ्ठा ओढला. त्यावर डावीकडे जुन्याचे हुकूम होते, उजवीकडे नव्याचे. ‘सगळं पुस’ म्हणजे del *.* च्या समोर rm * होतं. त्यांनी तेच एका बोटानं टाइप केलं. विचारलं की ‘नाही’ म्हणायचं, एवढाच त्यांचा बेत. प्रेमिला खुर्चीतून उठेपर्यंत त्यांनी एंटर दाबलंसुद्धा.

कॉम्प्युटरनं हूं की चूं केलं नाही.

“पाहा! काहीच नाही करत हा डब्बा!”

प्रेमिलानं ls टाइप केलं, म्हणजे आठ महिने बसून भरलेल्या सगळ्या फाइलींची नावं दाखव.



कॉम्प्युटर याही वेळी गप्पच राहिला.