समजा

प्रयोगशाळेतला गॅस संपून सहावा महिना चालू होता. विज्ञानाच्या बाईंनी मुख्याध्यापकांना पाच अर्ज दिले होते आणि पाचही वेळा एकच उत्तर ऐकलं होतं, "बाई, तुम्ही हुशार आहात, घ्या निभावून!"

मग बाईंनी निभावलं. परीक्षानळीत लोखंडाचा कीस आणि पिवळं गंधक एकत्र केलं, नळी थंड बर्नरवर धरली आणि तोंडानेच तापवली. "समजा, हे लालभडक झालं. समजा, दोन्ही एकजीव झालं. म्हणजे आता हे मिश्रण राहिलं नाही, संयुग झालं. आता वरून चुंबक फिरवला तरी लोखंड वेगळं होणार नाही. समजलं?"

"समजलं, बाई!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

आठवड्याने चाचणी झाली. बेचाळीसच्या बेचाळीस जणांनी लिहिलं होतं : संयुगातलं लोखंड चुंबकाने सहज वेगळं करता येतं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घसा फोडून शिकवलं ना मी? सगळं पालथ्या घड्यावर पाणी! कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. स्टँडमधली तीच परीक्षानळी तिने उचलली आणि बाहेरून चुंबक लावला. कीस सर्रकन काचेला येऊन चिकटला.

"बाई, तुम्ही 'समजा' म्हणालात, आम्ही लगेच समजलो," ती चाचरत म्हणाली. "पण लोखंड समजायलाच तयार नाही."