वीसच्या पुढे
मधली सुट्टी संपत आली तरी पहिलीतल्या पौर्णिमाची ताटली अर्धी भरलेलीच होती. महिनाभर रोज हेच चाललं होतं. “हिची ताटली घासेस्तोवर माझी वडगावची बस जाती, बाई,” खिचडी शिजवणाऱ्या येसूबाई म्हणाल्या. मीही दमले होते. रागावायचंही त्राण नव्हतं. म्हणून पौर्णिमाशेजारी नुसतीच बसले. तेव्हा दिसलं, घास चावताना ती बोटांवर मोजत होती. “काय मोजतेस?” “तुमीच सांगितलं ना, बाई, घास बत्तीस वेळा चावायचा,” ती म्हणाली. “पण मला वीसपर्यंतच येतंय. मग परत एकपासून मोजते.” वीसपर्यंत मीच शिकवलं होतं, आणि बत्तीसही मीच सांगितलं होतं. तिनं पुढचा घास घेतला. वीस झाल्यावर थांबून माझ्याकडे बघू लागली. “एकवीस,” मी म्हणाले. येसूबाईंनी रस्त्याकडे पाहिलं, हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि त्याही शेजारी टेकल्या. “बावीस,” त्या म्हणाल्या.