नुसती भुकटी

गॅरेजवाल्या फारुकनं सवयीप्रमाणं नवं ब्रेक लायनर टेबलाच्या कडेवर आपटलं आणि ते बिस्किटासारखं तुटलं. चांगल्या लायनरमध्ये धागे असतात, तडा गेला तरी ते माल धरून ठेवतात. ह्यात एकही धागा नव्हता, नुसती दाबलेली भुकटी. "काय झालं रे बाबा?" शेजारच्या चहावाल्या सोजरामावशींनी विचारलं. "मावशी, आत्ता भीमराजच्या जीपला ह्याच खोक्यातलं बसवलं. सवाऱ्या घाई करून राहिल्या, म्हणून आपटून न्हाई बघितलं. आन् माझी सिमरन त्याच जीपनं शाळेला गेली!" "मंग फोन लाव की त्याला." "गाडी चालवताना उचलायचा न्हाई, अशी शपथ मीच घातली हाय." फारुकनं मोटारसायकल काढली आणि हिंगोलीचा रस्ता धरला. जीप दिसली ती थेट पुलाकडच्या उतारावर, सवाऱ्यांनी गच्च भरलेली. त्याचा अंगठा हॉर्नवर गेला आणि तिथंच थबकला. हॉर्न ऐकून भीमराज थांबायला बघणार, भर उतारावर कचकन ब्रेक दाबणार आणि लायनरचा चुरा होणार. उतार संपेपर्यंत गुमान मागं राहायचं, चढाला लागली की हाक मारायची, असं त्यानं ठरवलं. तेवढ्यात मागच्या सीटवरच्या सिमरननं बापाला ओळखलं. ती हसली, हात हलवला आणि वळून ड्रायव्हरला ओरडून काहीतरी सांगितलं. फारुक जीव तोडून "नको, नको" म्हणत राहिला. जीपचे मागचे लाल दिवे लागले.