मोरपंखी ठिपका

गेमच्या कॅसेटची नक्कल साठवणारं ते जुनं यंत्र उघडताच हेमाडकाकांनी नाक दाबलं. आत मेलेली झुरळं, त्यांची अंडी आणि कुबट वास. "शी! हे काय आणलंस रे बाबा?"

"चालू केलं की 'मेमरी खराब' एवढंच येतं, काका," चाळिशीतलं गिऱ्हाईक ओशाळून म्हणालं. "बाबांनी हौसेनं घेतलं होतं. वर्षात बिघडलं. त्यांनी कुठूनसं दुरुस्त करून आणलं, तरी धड चाललंच नाही. मीच आपटलं असणार म्हणून मला बदडलं होतं."

"चालेल कसं? आठ चिपांपैकी ही एक भंगारातली लावलीय. चांगली काढून घेतली मेल्यानं! सोल्डरिंग बघ, शेंबूड सांडल्यासारखं. लहान पोराच्या खेळण्यात हात मारताना लाज कशी वाटली नाही?" बोलता बोलता काका स्पिरिटच्या बोळ्यानं त्या चिपवरची घाण पुसत होते.

घाणीखालून नेलपॉलिशचा मोरपंखी ठिपका वर आला. आपण बसवलेला भाग ओळखू यावा म्हणून प्रत्येक मेकॅनिक आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. मोरपंखी रंग हेमाडकाकूंच्या बाटलीतला. अख्ख्या बाजारात तो दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"कुणाचं काम असेल हो, काका?"

"असेल कुणी हरामखोर," काका पुटपुटले आणि अंगठ्याच्या नखानं ठिपका खरवडू लागले.

हाताला लागलेली झुरळांची घाण त्यांनी नुसती फडक्याला पुसली होती. आता मात्र ते उठून साबण शोधू लागले.