गोठलेल्या तळ्यावरचा वन्स मोअर

"दूरच्या देशात माणसाला नव्यानं सुरुवात करता येते..."

"हा बघ, आता पडणार!" कॅमेऱ्यामागून नंदूकाका बायकोच्या कानात ओरडले, आणि बार्नबी क्रम्पचा सहावा टेकही वाया गेला.

अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत त्या दिवशी थंडी अशी, की बोललेला शब्द मिशीवरच थिजावा. तळं तर बर्फाची फरशीच झालेलं. बार्नबीला मात्र घाम फुटला होता. अकरा वर्षं लंडनच्या टीव्हीवर तो ट्रे घेऊन धडपडणारा विनोदी वेटर होता. आता प्रवासाचे कार्यक्रम करायचा, चांगले गंभीर. पण हा भाग फसला, तर चॅनेल त्याच्या हातात परत ट्रेच देणार होतं. म्हणून परदेशी स्थायिक झालेल्यांवरचं हे एक वाक्य त्यानं अख्ख्या विमानप्रवासात घोटलं होतं.

आणि तिथल्या मराठी मंडळाची ही चाळीस माणसं संक्रांत सोडून तळ्यावर आली होती, ती त्याला ऐकायला नव्हे, पडताना बघायला.

नंदूकाकांच्या बायकोनं, सुमेधाकाकूंनी, तर तिळगुळाचा ट्रेच त्याच्या हातात दिला. "एकदाच हं, मिस्टर क्रम्प. आमच्या ह्यांची फार इच्छा आहे."

"मॅडम, मी आता पडत नाही!"

ट्रे परत द्यायला तो तणतणत वळला, आणि पाय सटकला. तिळाचे लाडू असे उडाले, की त्यातले दोन-चार अजून कॅनडाच्या दिशेनं जात असतील.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "वन्स मोअर!" नंदूकाकांनी शिवाजी मंदिरात नाटकाला बसल्यासारखी आरोळी ठोकली. "वन्स मोअर!"

बार्नबी उठेना. तीस वर्षं हाडांची डॉक्टरकी केलेल्या सुमेधाकाकूंनी खाली बसून त्याचं मनगट चाचपलं.

"अहो, गप्प बसा! हात मोडलाय त्याचा."

चाळीस माणसं चिडीचूप. सकाळपासून बार्नबी ह्याच शांततेसाठी तडफडत होता.

"कॅमेरा?" त्यानं दात आवळून विचारलं.

"चालू आहे," कॅमेरामन म्हणाला.

मग पडल्या पडल्याच, आभाळाकडे बघत, तो एकेक शब्द तोलून बोलला, "दूरच्या देशात माणसाला नव्यानं सुरुवात करता येते."

वाक्य पुरं झालं. कुणी खोकलंसुद्धा नाही.

बार्नबीनं हळूच मान वळवली. नंदूकाकांनी मफलर तोंडात कोंबला होता. कॅमेरामनला तेवढंही सुचलं नव्हतं. त्याच्या खांद्यावरचा कॅमेरा गदागदा हलत होता.