मांजराची पाठ

"गुरुमाई, एक तरी मांजर असेलच घरात," वेइ परत म्हणाला.

रुइलान म्हातारी शेंगा सोलत राहिली. त्याने आणलेल्या मिठाईच्या डब्याला तिने हातही लावला नव्हता. शाईच्या एका फटकाऱ्यात मांजर उभं करणारे तिचे यजमान, थांग गुरुजी, मजूर छावणीतच वारले. आता सुचौच्या संग्रहालयात त्यांच्या नावाचं दालन निघालं होतं, आणि त्याचा प्रमुख झाला होता त्यांचाच लाडका चेला, वेइ. भिंती रंगवून तयार होत्या. टांगायला चित्र एकही नव्हतं.

"तुझ्या गुरूंची मांजरं पाठमोरी असायची," म्हातारी म्हणाली. "क्रांतीच्या धामधुमीत भर सभेत त्यांच्याकडे बोट दाखवलंस. म्हणे, मांजरानं जनतेकडे पाठ फिरवली."

"तेव्हा सगळेच बोलत होते, गुरुमाई."

"बोलले सगळे. पण पाठीचं तुलाच सुचलं. पहिल्यापासून हुशार तू."

वेइने डबा तिच्याकडे सरकवला. "झडतीलाही मीच होतो. घर पालथं घातलं, कागद सापडला नाही. म्हणजे लपवली होतीत ना?"

"लपवते कशाला? तुझ्या डोळ्यांदेखत होती. मी काय करत बसले होते?"

"जोडे शिवत होतात."

"तळ शिवत होते. चिंधी, खळ, कागद, वर परत चिंधी. घरात चिंध्या कमी, मांजरं ढीगभर. सापडली असती तर तुझ्या गुरूंचे आणखी हाल केले असतेत. तुझे पाय गारठलेले, तुलाही एक जोड दिला. माया नव्हती हो, तू लवकर टळावास म्हणून."

वेइ स्वतःच्या पायांकडे बघू लागला. "तो मी... झिजेपर्यंत वापरला."

"मग माझ्याकडे काय मागतोस? तुडवून संपवलीस की."

त्याची नजर पलंगाखाली गेली. पुरुषी मापाचा काळा जोड, कोरा करकरीत.

"गुरुजींचा?"

"त्यांच्यासाठी शिवला. घालायला आले कुठं?"

"पाया पडतो, गुरुमाई. तळ उसवू या. एक जरी निघालं..."

"हात लावू नकोस. माझ्या मढ्याला घालायचाय तो. सुनेला बजावून ठेवलंय."

"तुम्हाला मोठा होईल."

"कापूस कोंबतील. मांजरानं मढ्यावरून उडी मारली तर मढं उठून बसतं म्हणतात ना आपल्यात? माझ्या तर पायातच मांजर असेल. ये हं त्या दिवशी. पुढं उभा राहा."

तिने शेंगांची टोपली उचलली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.